तापल्यावर हरवणारा क्लच

बांद्याच्या बाजारातून जुन्या रस्त्याने इन्सुलीकडे निघाले की डाव्या हाताला एक मोठा फणस लागतो आणि फणसाखाली लवू मेस्त्रींचे गॅरेज. गॅरेजला पाटी नाही. गोव्याची सगळी वाहतूक दारावरून जात होती तेव्हा पाटीची गरज नव्हती, आणि आता चौपदरी रस्ता पलीकडून गेल्यावर पाटी वाचणार कोण, असे मेस्त्री म्हणतात.

गावात त्यांना ‘कित्याक मेस्त्री’ म्हणतात. कित्याक म्हणजे कशासाठी, का. बंद पडलेली गाडी सुरू झाली, गिऱ्हाईक चावी हातात घेऊन निघाले, तरी मेस्त्री बॉनेटवर हात ठेवून उभेच. “थांब मरे. सुरू झाली ता खरा, पण बंद कित्याक पडलेली ता खंय कळला?” काही लोकांना याचा कंटाळा येतो. पण अडतीस वर्षांत त्या फणसाखालून एकही गाडी टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून, बाहेर गेलेली नाही. स्वतःविषयी मेस्त्री फारसे बोलत नाहीत. ही एक गोष्ट मात्र ते चहा पितापिता, सहज आठवल्यासारखी, सांगतात.

मार्च महिन्यात वालावलचा विनीत एक लाल गाडी घेऊन आला. विनीत मोठ्या बोटीवर इंजिनिअर. सहा महिने समुद्रात, तीन महिने घरी. गाडी जुनी जपानी, दोन दारांची, जमिनीला टेकून बसल्यासारखी बुटकी. गोव्यातल्या एका गृहस्थाने ती आखातातून आणली होती, त्यांच्याकडून विनीतने घेतली. इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती, म्हणून जुना क्लच आता तिला पुरत नव्हता. इंजिन ओरडायचे आणि गाडी जागची हलायला वेळ घ्यायची. जास्त ताकदीचा, शर्यतीच्या गाडीला घालतात तसला नवा क्लच त्याने मागवून आणला होता.

मेस्त्रींनी बॉनेट उघडले आणि आत डोके घालून पाहू लागले.

“मामा, ह्येच्यात पिस्टन नाय,” विनीत म्हणाला.

“पिस्टन नाय? मगे चालता कसा? वाऱ्यार?”

विनीतने खिळ्याने गॅरेजच्या धुळीत चित्र काढले. कमरेशी किंचित दबलेल्या अंड्यासारखे एक घर. त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण. हा त्रिकोण स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता घरातूनही गोल जातो. त्याची तिन्ही टोके भिंतीला कायम टेकलेली. एका बाजूने हवा आणि पेट्रोल आत येते, दुसरीकडे दाबले जाते, पेटते आणि धूर होऊन बाहेर जाते. वर-खाली होणारे काहीच नाही. नुसते फिरणे.

मेस्त्री चित्रासमोर उकिडवे बसले. तीनदा विचारले, तीनदा विनीतने सांगितले. तेवढ्यात शेवंतीबाई, मेस्त्रींची पत्नी, चहा घेऊन आल्या. त्यांनी उभ्याउभ्या चित्राकडे पाहिले.

“ह्यो तर रगडो,” त्या म्हणाल्या. “वरचो दगड आपल्याभोवती फिरता आणि वाटीतसूनय फिरता. पीठ कडेक जाता, तशी ह्येची हवा जाता.”

मेस्त्रींनी विनीतकडे पाहिले. “बघलंस? माका अर्धो तास लागलो. हिका रगड्यात गावला.” मग थोड्या आशेने म्हणाले, “उघडून बघूया?”

“मामा! क्लच बदलूक आणलंय. इंजिन उघडू नकात.”

त्या दिवशी संध्याकाळी शेवंतीबाई झाडू घेऊन आल्या तेव्हा धुळीतल्या चित्रावर मेस्त्रींनी एक टोपली पालथी घातलेली होती. त्या टोपलीभोवतीने झाडून गेल्या.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकमेकांशी जोडणारी आणि पाहिजे तेव्हा सोडवणारी तबकडी. ती मेस्त्रींनी हजारदा बदलली असेल. पण या गाडीत प्रत्येक पायरीवर त्यांना थांबावे लागले. गिअरबॉक्स खाली घेतला, तर आत इंजिनाच्या जड चाकावर एका बाजूला जास्तीचे वजन. मेस्त्रींना आधी ती ओतकामातली चूक वाटली. विनीतने समजावले, की त्रिकोण फिरताना एका अंगाला झुकतो, त्याचा तोल सांभाळायला हे वजन मुद्दाम ठेवलेले आहे. मेस्त्रींनी खडूने खूण केली, वजन होते त्याच जागी परत आले पाहिजे म्हणून. ते चाक धरून ठेवणारा नट इतका मोठा, की तेवढा पाना गॅरेजात नव्हता. वेंगुर्ल्याच्या एका बोटवाल्याकडून पंख्याच्या नटाचा पाना मागवला, त्याला पाण्याचा लांब पाइप जोडला आणि दोघे त्या पाइपावर लोंबकळले तेव्हा कुठे नट हलला.

नवी तबकडी वेगळीच होती. अखंड अस्तराऐवजी तांबूस रंगाचे सहा तुकडे, फुलाच्या पाकळ्यांसारखे. तिला दाबून धरणारी स्प्रिंग एवढी कडक, की क्लचच्या पेडलवर पाय ठेवला तर पेडल उलट पायालाच ढकलत होते.

बुधवारी दुपारपर्यंत सगळे बसले. राहिले होते फक्त क्लचच्या तेलातली हवा काढणे. पेडल दाबले की तेल नळीतून खाली जाते, एका लहानशा सिलिंडरला ढकलते आणि तो सिलिंडर तबकडी सोडवतो. तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर पेडलचा दाब बुडबुड्यातच जिरतो. मेस्त्रींची पद्धत जुनी आहे. खालच्या सिलिंडरला एक पारदर्शक नळी लावायची आणि तिचे दुसरे टोक वर इंजिनाशेजारच्या तेलाच्या डबीतच सोडायचे. तेल गोल फिरत राहते, बुडबुडे निघून जातात, थेंबही वाया जात नाही. पेडल मारायला नेहमीप्रमाणे शेवंतीबाई बसल्या होत्या.

“अवो, ह्यो पेडल हा काय दळणाचो जातो?” चाळीसाव्या दाबाला त्या म्हणाल्या. “माझो पाय गेलो. आधी गाऱ्हाणा घाला, मगे जेवा, मगे काढा काय ती हवा.”

साडेबारा वाजलेच होते. मेस्त्री कुठल्याही इंजिनाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय, म्हणजे देवाला साकडे घालून नारळ फोडल्याशिवाय, चावी लावत नाहीत, मग ते विहिरीवरच्या पंपाचे असो की ट्रकचे. त्यांनी हात धुतले, टोपी घातली, नारळ घेतला. विनीत हात जोडून उभा राहिला.

“बा देवा बांदेश्वरा, आज ह्या वालावलच्या झिलान परमुलखातली गाडी तुझ्या पायाकडे आणल्यान हा...”

“होय म्हाराजा.”

“ह्येच्यात पिस्टन नाय, तरी तिका आपली म्हण...”

“होय म्हाराजा,” विनीत हसू दाबत म्हणाला.

“जी काय वाकडीतिकडी चूकभूल झाली आसात, ती पोटात घे आणि रस्त्याक राख.”

“होय म्हाराजा!”

चाकाजवळच्या दगडावर नारळ फुटला. करवंटीतले पाणी मेस्त्रींनी इंजिनाच्या चारी कोपऱ्यांना दिले, उरलेले मधे शिंपडले. जेवण झाले. जेवणानंतर शेवंतीबाईंनी आणखी पन्नास वेळा पेडल मारले. नळीत बुडबुडा दिसेना, तेव्हा मेस्त्रींनी नळी काढली आणि बॅटरीवर ठेवलेले डबीचे झाकण लावले.

इंजिन सुरू झाले. पिस्टनची टकटक नाही, गिरणीचा पट्टा चढावा तसा एकसारखा चढता आवाज. मेस्त्री डोळे मिटून ऐकत राहिले.

मेस्त्री विनीतच्या शेजारी बसले. गाडीने आधी बाजारात एक फेरी मारली तेव्हा दुकानदार बाहेर आले. क्लच असा धरत होता की विनीतचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला. इन्सुली घाटाच्या दुसऱ्या वळणावर त्याने गिअर बदलायला पेडल दाबले, आणि पेडल खाली गेले ते गेलेच. कसला दाब नाही, काही नाही. कापसात पाय घातल्यासारखे. गिअर निघेना. शेवटी इंजिन बंद करून गाडी कडेला लावावी लागली.

दोघे संरक्षक कठड्यावर बसून राहिले. बाबली रिक्षावाला सावंतवाडीहून परत येत होता, तो मुद्दाम थांबला.

“काय मेस्त्री, टोचन आणू?”

“तुझ्या रिक्षेक बांधून दिवाळीक पोचू,” मेस्त्री म्हणाले. पण हसले नाहीत.

अर्ध्या तासाने विनीतने सहज पेडल दाबून पाहिले. पेडल पुन्हा पहिल्यासारखे कडक! गाडी स्वतःच्या पायांनी घरी आली. मेस्त्री वाटभर पेडलकडेच पाहत होते. बिघडलेली वस्तू बिघडलेली राहते, हे त्यांना माहीत होते. बिघडून आपोआप बरी होणारी वस्तू त्यांनी फारशी पाहिली नव्हती.

गुरुवार-शुक्रवार त्यांनी गिअरबॉक्स परत उतरवला. तबकडी जळलेली नाही, स्प्रिंग तुटलेली नाही, खूण खुणेच्या जागी. शनिवारी सगळे चढवले. कडक क्लचने पेडलची पट्टीच वाकत असेल अशी शंका आली, म्हणून शेवंतीबाई टॉर्च घेऊन पेडलखाली डोके घालून बसल्या आणि विनीतने पेडल मारले. “हालणा नाय, वाकणा नाय,” त्यांनी आतून सांगितले. “आता माका भायर काढा.” खालच्या सिलिंडरचे रबर काढून पाहिले, ते नवे कोरे. हवा राहिली असेल म्हणून पुन्हा त्याच रीतीने तेल गोल फिरवले. इंजिन फणसाखाली तासभर चालू ठेवले, तर पेडल ठीक. रस्त्यावर नेले, तर घाट चढताना पेडल गायब.

शनिवारी संध्याकाळी विनीत अंगणात फोनवर बोलत होता. मंगळवारी त्याला बोटीवर रुजू व्हायला निघायचे होते. फोन ठेवून तो मेस्त्रींजवळ आला, पण त्यांच्याकडे न पाहता बोलला.

“मामा, सोमवारी सकाळी गाडी न्हेवक ट्रक येतलो. पुण्याक एक जण ह्याच गाड्यांचा काम करता. तुमच्यात काय कमी नाय मामा, माका वेळ नाय.”

“ट्रकार चढवून?”

“व्हय.”

मेस्त्री “बरां” म्हणाले आणि चिंधीला हात पुसू लागले. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिले. गाडी दुसऱ्याच्या पाठीवर बसून जाणार हे एक. पण त्याहून आत टोचत होते ते दुसरे. ती पुण्याला नीट होईल, कुणीतरी हसून काहीतरी बदलेल, आणि पेडल कित्याक हरवत होते ते त्यांना कधीच कळणार नाही.

रात्री जेवताना त्यांनी विचारले, “शेवंते, गॅरेजात तासभर चालता आणि घाटात जाता. घाटात काय आसा जा हय नाय?”

“चढ,” शेवंतीबाई म्हणाल्या. “चढार माणूस तापता.”

रविवारी सकाळी मेस्त्री गाडीत बसले ते दोन बाटल्या पाणी आणि एक गोणपाट घेऊन. विनीतने गाडी घाटाकडे काढली. दुसऱ्या वळणाच्या थोडे पुढे पेडल गेले. मेस्त्री उतरले, चाकांना दगड लावले, गोणपाट पसरून गाडीखाली सरकले. धुराचा जाड पाइप तिथून जवळच गेला होता, त्याची धग तोंडाला लागत होती. विनीतने सांगितले होतेच, की या इंजिनाचा धूर साध्या इंजिनापेक्षा फार गरम. मेस्त्रींनी हात लांब करून, फक्त त्या लहान सिलिंडरवर, हळूहळू एक बाटली रिकामी केली. वाफ आली. थोडा वेळ थांबून दुसरी बाटली.

“दाब!”

“काय नाय.”

“आता?”

पेडलने पायाला उलट ढकलले. “मामा, इलो!” विनीत ओरडला.

मेस्त्री गाडीखालून बाहेर आले. पाठीला माती, कानाला ग्रीस, आणि चेहरा मात्र वर्गात बरोबर उत्तर आलेल्या पोरासारखा. “तेल उकाळता. उकाळला काय वाफ धरता, आणि वाफ दाबता येता. थंड झाला काय परत तेल.”

“पण मामा, ह्या तेल दोनशेच्या वर उकाळता. इतक्या थय तापाक शक्यच नाय.”

“मगे आधीच उकाळता,” मेस्त्री म्हणाले. “कित्याक?”

घरी आल्यावर त्यांनी डबीतले थोडे तेल एका पत्र्याच्या डब्यात काढले. दुसऱ्या डब्यात सीलबंद बाटलीतले नवे तेल. काजू भाजायची जुनी कढई घेतली, तिच्यात रेती घातली.

“माझ्या चुलीर नाय हां!” आतून आवाज आला.

अंगणात तीन दगड मांडून विस्तव केला. रेतीत दोन्ही डबे शेजारी शेजारी रोवले आणि तिघे लांब उभे राहून पाहू लागले. रेती तापली. नव्या तेलावर काही नाही, नुसती चकाकी. गाडीतले तेल आधी थरथरले, मग कडेने बुडबुडे आले, मग चहासारखे वर यायला लागले.

“पाणी,” विनीत म्हणाला. “ह्येच्यात पाणी आसा, मामा.”

पाणी कुठून आले? बाटली नवी होती, मेस्त्रींनी स्वतः सील तोडले होते. झाकणाचे रबर शाबूत. गाडी धुतलेली नाही. विनीत हात धुवायला विहिरीवर गेला. मेस्त्रींनी तेलाची डबीच सोडवून आणली आणि तिच्या तोंडातली बारीक जाळी काढून फडक्यावर ठेवली. जाळीत एक तपकिरी केसासारखे काहीतरी अडकले होते.

शेवंतीबाईंनी ते नखाने उचलले, उजेडात धरले. आयुष्यभर नारळ सोललेल्या बाईला फार वेळ लागला नाही.

“अवो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ही सोडणाची शीर. नारळाची.”

मेस्त्री खाली बसले. बुधवारची दुपार त्यांना दिसू लागली. डबी उघडी, झाकण बॅटरीवर, नळीचे टोक डबीत, आणि करवंटी हातात घेऊन इंजिनाच्या चारी कोपऱ्यांना पाणी देणारे ते स्वतः. जेवणानंतर ते पाणी पन्नास दाबांनी खालपर्यंत पोचवले होते, आणि थेंब वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक वेळी परत तेच फिरवले होते.

“त्येका सांगू नकात,” शेवंतीबाई विहिरीकडे बघत म्हणाल्या. “खारी हवा, तेलान पाणी धरला, असा म्हणा. त्येका खरासा वाटात. ह्या असल्या तेलाक हवेतसून पाणी धरूची खोड आसताच म्हणतत ना?”

“आसता.”

“मगे?”

मेस्त्रींनी ती शीर परत फडक्यावर ठेवली. “अडतीस वर्सां लोकांका कित्याक कित्याक इचारतंय गो. आज गावला आणि मीच खोटा सांगू?”

विनीत आला. मेस्त्री उठून उभे राहिले, गाऱ्हाण्याला राहतात तसे, आणि फडके त्याच्यापुढे धरले. “झिला, चूक गाडीची नाय, क्लचची नाय. माझी. मी तुझ्या क्लचाक नारळाचा पाणी पाजलंय.”

विनीतने शिरेकडे पाहिले, मग मेस्त्रींकडे. त्याला एक क्षण काही कळेना. कळले तेव्हा तो जो हसायला लागला, तो फणसाला टेकून हसला.

“आणि मी हात जोडून होय म्हाराजा, होय म्हाराजा म्हणतंय!”

“चूकभूल पोटात घे म्हटलंय मी,” मेस्त्री पडेल आवाजात म्हणाले, “ती गाडीन घेतल्यान.”

मग शेवंतीबाईंनाही हसू आवरेना, आणि शेवटी मेस्त्रींनाही.

दुपारी नळी, डबी, सिलिंडर सगळे सोडवून धुतले. रबरे बदलली. दोन बाटल्या नवे तेल आतून वाहू दिले आणि या वेळी नळीचे टोक वेगळ्या बाटलीत सोडले. जुने तेल जाईल तर जाऊ दे. तीन वाजता गाडी इन्सुली घाट चढली. उतरली. पुन्हा चढली. तिसऱ्या वेळी मेस्त्रींनी वळणावर गाडी थांबवायला लावली, स्वतः चालकाच्या जागी बसले आणि पेडल वीसदा दाबले. वीसही वेळा पेडलने त्यांच्या पायाला उलट ढकलले.

विनीतने ट्रकवाल्याला फोन केला, पण तो आधीच निघाला होता. सोमवारी सकाळी मोठा सपाट पाठीचा ट्रक फणसाखाली येऊन उभा राहिला. चालकाने भाकरी-आमटी खाल्ली, लाल गाडीभोवती एक फेरी मारली आणि रिकामा परत निघाला. बाबलीने रिक्षा थांबवून विचारले, “मेस्त्री, एवढी मोठी टोचन इली आणि मोकळी गेली?”

“तुझ्या रिक्षेसाठी राखून ठेवूक सांगितलंय,” मेस्त्री म्हणाले. या वेळी हसून.

निघण्यापूर्वी विनीतने स्वतःच बॉनेट उघडले. “मामा, माका बोटीर जावचा आसा. गाऱ्हाणा घाला.”

मेस्त्रींनी हात धुतले, टोपी घातली आणि हात पुढे केला. शेवंतीबाई नारळ पाठीमागे धरून उभ्या होत्या.

“आधी झाकणां,” त्या म्हणाल्या.

मेस्त्रींनी एकेक झाकणावर बोट ठेवले. इंजिनचे तेल, पाणी, ब्रेक, क्लच. शेवंतीबाईंनी प्रत्येकाला मान हलवली. मग म्हणाल्या, “आणि आता ह्या मोठा,” आणि बॉनेट बंद करून घेतले. तेव्हा कुठे नारळ त्यांच्या हातात आला.

गाडी सुरू झाली. विनीतने काच खाली केली. “मामा, इंजिन उघडूचा झाला काय हयच आणतलंय. दुसऱ्याक हात लावूक देणंय नाय.”

मेस्त्रींचा चेहरा उजळला. “कधी?”

“मामा, चांगला चालता मरे अजून!”

“चालांदे, चालांदे,” ते घाईने म्हणाले. गाडी रस्त्याला लागली, गिअर पडला, आवाज चढत घाटाकडे गेला. मेस्त्री तो ऐकू येईनासा होईपर्यंत उभे राहिले. मग गॅरेजात आले, टोपली उचलून बाजूला ठेवली आणि धुळीतल्या चित्रासमोर उकिडवे बसले.

“शेवंते,” त्यांनी हाक मारली, “त्या तीन टोकांका तेल खंयसून येत आसात गो?”

“रगड्याक आमी पाणी घालतंव,” आतून उत्तर आले. “त्येका काय घालतत, ता विनीताक इचारा.”